ठिपक्यांचं पान

रूपाने कृषी केंद्रातल्या मॅडमच्या टेबलावर गव्हाची दोन पानं ठेवली. एक तिच्या वावरातलं, दुसरं धाकट्या जावेच्या, सपनाच्या वावरातलं. सपनाच्या पानावर बारीक करडे ठिपके होते.

"तांबेराच आहे ना मॅडम?" तिने आवाजात काळजी आणून विचारलं.

किन्हीराजा गावात यंदा ज्याच्या त्याच्या तोंडी सपनाचाच गहू होता. बियाणं नवं, तेही तिने थोरल्या जावेला न विचारता आणलेलं. काल दोघींच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून रूपाला ते ठिपके दिसले आणि कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं. "रोग पसरायच्या आत कापून बैलाले घाल," तिने सपनाला सांगूनही टाकलं. आज वाशीमला ती फक्त खात्री करायला आली होती.

मॅडमनी सपनाचं पान उजेडात धरलं. "तांबेऱ्याची बुरशी इथे शिरली होती. झाडानं ती ओळखली आणि तेवढा आपलाच भाग मारून टाकला. या बुरशीला जिवंत पान लागतं. मेलेल्या भागात ती उपाशी मरते. हे ठिपके त्याचेच. या गव्हाची काळजी नको."

मग त्यांनी दुसरं पान बोटाने पुसलं. रूपाला जी धूळ वाटली होती तिने बोट नारिंगी झालं.

"खरा तांबेरा इथे आहे. या झाडाला बुरशी ओळखूच आली नाही. कोणाचं हे?"

"शेजारणीचं," रूपा म्हणाली.

परतताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. आपण बोललो नाही तर कोणाला कळणार आहे?

वावरात सपना वाकून हिरवा गहू कापत होती. एक वाफा मोकळा झाला होता. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बरं झालं ताई, तुमी सांगतलं. दुसऱ्या कोणी सांगतलं नसतं."

रूपा उभीच राहिली. सपनाने आणखी एक मूठ कापली. मग आणखी एक.

"थांब," रूपा म्हणाली. "नको कापू. तुह्या गव्हाले काही नाही झालं. रोग माह्या गव्हाले हाय."

विळा टाकून सपना धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. रूपाने तिच्या पाठीवर हात ठेवला. सपनाच्या खांद्यापलीकडे उरलेला गहू वाऱ्यावर हलत होता.

आजच एसटी काहून वेळेवर आली, असं तिच्या मनात येऊन गेलं.