पावाच्या कडा

ससा गवताला तोंड लावेना, तशी सुनेने त्याची गाजरं बंद केली. "नुसते नखरे! भूक लागली की खाईल झक मारत." पण ससा गवताची काडी तोंडात धरायचा, जरा चघळायचा आणि टाकून द्यायचा. त्याची हनुवटी लाळेने ओली दिसायला लागली, तेव्हा ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टरांनी तोंड उघडून आत टॉर्च मारला. "दाढेला टोक आलंय, जिभेत रुततंय. नखरे कसले, बाई? चावताना जीव जात असेल त्याचा."

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सशाच्या पाठीवरून हात फिरवला. "मुकं जनावर गं. सांगणार तरी कसं?"

सून त्यांची बशी उचलायला वाकली. पावाच्या कडक कडा आजही काढून ठेवलेल्या होत्या. त्यावरून ती त्यांना रोज ऐकवायची, अगदी सशाला ऐकवलं होतं तेच.

तिने मोबाइलचा टॉर्च लावला. "आई," ती नजर चुकवत म्हणाली, "जरा आ करता?"

सासूबाईंनी घाईघाईने एक कड उचलली.

"राहू दे गं, खाते मी."