टॅब बंदच ठेवा

अंगणवाडीसेविका शेवंताताईंचा फोन निषादला अखेर लागला. "ताई, टॅब सुरू केलात का?"

सकाळीच त्याने ऑफिसात बसून कोड चालवला होता. अंगणवाड्यांचे जे टॅब महिनाभर ऑनलाइन आले नाहीत, ते हरवलेले समजायचे आणि रेंजमध्ये येताच त्यांतली माहिती पुसून कोरे करायचे. ताईंच्या पाड्यावर रेंजच नाही, हे त्याला हरवलेल्या टॅबच्या यादीत त्यांचं नाव दिसल्यावर आठवलं. पाड्यावरच्या बाळांची वजनं त्या टॅबखेरीज कुठेच नव्हती.

"त्यासाठीच रेंज शोधत डोंगर चढून आलेय," ताई धापा टाकत म्हणाल्या. "करू सुरू?"

"नको! बंदच ठेवा."

"कमाल आहे! ऑनलाइन या म्हणून तुम्हीच ओरडता ना?"

त्याने टॅब कोरा करण्याचा हुकूम मागे घेतला, पुन्हा तपासलं. "आता करा, ताई."

त्याच्या पडद्यावर एकेक बाळाची नोंद उतरू लागली. सगळ्यात वर एक मुलगी, लाल अक्षरांत: वजन धोक्याइतकं कमी.

"दिसली का हो?" ताईंनी विचारलं. "तुमच्याकडे वजन दिसल्याशिवाय दवाखान्याची गाडी येत नाही. तिच्यासाठीच चढले."