जळण्याआधी आलेली

"घर जळालं का?" कारकुनानं विचारलं.

"न्हाई भाऊसाहेब. पर जाळणार हायेत."

"जाळणार आहेत, याला काय अर्थ आहे बाई? जळालं, की नाही जळालं?"

सुलाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. नाशिकरोडच्या या गोदामाच्या वळचणीला ती कालपासून बसली होती. साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या पेटल्या. तिथून पळून आलेल्यांसाठी गोदामात छावणी होती. सतरंज्या होत्या, डाळभात होता, एक नर्सही होती. आणि तिची सून मैना, नववा महिना लागलेली, बाहेर ओल्या फरशीवर कण्हत होती. आत जागा नव्हती म्हणावं, तर तेही नाही. उघड्या दारातून रिकामी सतरंजी दिसत होती!

पण ज्याचं घर जळालं तो निर्वासित, त्याला आत घ्यायचं. जो त्याआधी पळाला, तो नुसता आश्रय मागणारा. त्यानं अर्ज द्यायचा आणि गावाहून चौकशीचं उत्तर येईपर्यंत बाहेर थांबायचं. उत्तर कोण देणार? पोलीसपाटील. ज्याच्या पोरानं दारात रॉकेलचा डबा आपटून "उद्या बघतो" म्हटलं होतं, तोच! वा रे वा!

"म्हंजे पोटुशीला घेऊन आग लागायची वाट बघायला पायजे व्हती का रं मुडद्या?"

"ओरडू नका. नियम मी केलेला नाही."

ते खरंच होतं. म्हणून तर जास्त संताप येतो.

दुपारच्या पॅसेंजरनं सहादू आला. सुलाबाईचा मुलगा, मैनाचा नवरा. घर राखायला एकटाच मागं राहिला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यांत गुंडाळलेले, भुवया जळून गेलेल्या.

"आये, गेलं समदं," तो म्हणाला. "म्या आतच व्हतो."

मैनानं हंबरडा फोडला. सुलाबाईनं कपाळ बडवून घेतलं, गावाच्या नावानं बोटं मोडली, पोराला छातीशी धरायला गेली आणि त्याच्या हातांकडे बघून तशीच थांबली.

कारकून खुर्ची सोडून बाहेर आला. त्यानं सहादूच्या हातावरचं फडकं जरा उचलून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला. त्याला अगदी मनापासून आनंद झाला होता.

"अहो, आता रडता कशाला?" तो म्हणाला. "या, आत या. बसलात की नियमात!"