ऊन पडल्यावर

सहा दिवसांनी अमरनाथचा फोन लागला आणि पडद्यावर आधी त्याचे दातच दिसले. हसत होता पठ्ठ्या. शिवांजलीनं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. डोळे पुसायला तिसरा हात नव्हता, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.

इकडे मुरुम गावात सकाळचे आठ वाजले होते आणि फाल्गुनातलं ऊन ओसरीवर आत्ताच चटके देत होतं. तिकडे हिमाचलात सहा दिवस वादळ चाललं होतं. अमरनाथ तिथं घाटरस्त्यावरचा बर्फ काढायला पोकलेन चालवायच्या कामावर गेला होता, आणि ते पोकलेनच बर्फात गडप झालं होतं. कालपासून मात्र आभाळ स्वच्छ होतं आणि मशीनही उकरून काढलं होतं. काल दुपारी तर अंगावरचं जाकीट काढून ठेवावं लागलं, असं तो सांगत होता. त्यानं फोन फिरवून पत्र्याच्या कडेवरून टपटपणारं पाणी दाखवलं.

"सुटले बाई," शिवांजली म्हणाली. सहा दिवसांत आज पहिल्यांदा तिला भूक लागली.

तिचे सासरे चन्नबसप्पा खांबाला टेकून बसले होते. पोराचं तोंड दिसल्यावर त्यांचाही जीव भांड्यात पडला. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. या वेळी त्यांना पोराच्या मागचा, बर्फानं भरलेला उभा डोंगर दिसला.

"त्या डोंगराखालीच मशीन लावणार का रे?"

लावणार तर. रस्ताच त्याच्या पायथ्यानं जात होता. डोंगर अजून सावलीत होता, पण दहा-अकरापर्यंत ऊन पार वरपासून खाली येतं, असं अमरनाथनं कौतुकानं सांगितलं. सहा दिवस वाया गेले म्हणून ठेकेदार नुसता पेटला होता. आज अंधार पडायच्या आत ते वळण मोकळं करायचं होतं.

"ठेकेदार म्हणतोय, ऊन पडलंय, आता कशाला दिवस घालवायचा. मलाबी पटलं."

चन्नबसप्पा खांब सोडून पुढं सरकले. त्यांनी तीस वर्षं विहिरींच्या कामावर मुकादमकी केली होती, आणि हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी पोराला सांगून बघितलं, की काय करायचं ते सकाळी सकाळी कर आणि डोंगराला ऊन लागलं की मशीन मागं घे. अमरनाथ हसायलाच लागला.

"आप्पा, तुमी बर्फ कवा बघितलाय? गोळेवाल्याच्या गाडीवरचा सोडून?"

"पाऊस हाय तवर माती एकमेकीला धरून असती. ऊन लागलं की सोडती."

"ही माती न्हाय, आप्पा."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली. मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. आता ठेवतो, रात्री निवांत बोलू, असं म्हणत तो उठलासुद्धा.

"ठेवू नको," चन्नबसप्पा म्हणाले. त्यांचा आवाज असा काही निघाला की शिवांजलीनं मान वळवून बघितलं.

अजून गप्प बसता आलं असतं. नऊ वर्षं ते गप्पच होते आणि आता त्याची सवय झाली होती. त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं. ती भीमाशंकरची मुलगी. भीमाशंकर अवकाळी पावसात विहीर ढासळून गेला, हे सगळ्या मुरुमला ठाऊक होतं. पंचनाम्यातही पाऊसच होता. फाल्गुनात आभाळ भरून आलं की शिवांजली आजही त्या पावसाला बोटं मोडायची. बिनबापाची पोर सून करून आणली म्हणून लोकांनी चन्नबसप्पांचं मोठं मन वाखाणलं होतं, आणि त्यांनी ते वाखाणू दिलं होतं.

"भीमाशंकर पावसानं गेला न्हाय," ते फोनकडं बघून म्हणाले. "पाऊस आदल्या दिशीच थांबला होता. लख्ख ऊन पडलं होतं. तो म्हणत होता, आजचा दिस जाऊ द्या, मुकादम. म्याच म्हणलं, ऊन पडलंय, आता कशाला दिवस घालवतो. उतर खाली."

अमरनाथचं हसू मावळलं. त्याच्या मागची घरघर तेवढी चालू राहिली.

चन्नबसप्पांना शेजारी बघायचा धीर होईना. ती फोन आपटेल, किंकाळी फोडेल, नाहीतर आत जाऊन पिशवी भरेल, असं त्यांना वाटत होतं. यातलं काहीही चाललं असतं. पण ती जागची हलली नाही.  तिनं पडद्यावरच्या डोंगराकडं बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "किती वाजले होते तवा?"

"कवा?"

"आमच्या बाबांवर दरड आली तवा."

हे त्यांना आठवावं लागलं नाही. "साडेदहा," ते म्हणाले.

शिवांजलीनं फोन तोंडाजवळ नेला.

"ऐकलं न्हवं? धाच्या आत मशीन बाहेर काढा, आन मला फोन करा. ठेकेदार काय म्हणायचं ते म्हणू दे."

"व्हय," अमरनाथ म्हणाला. फोन बंद झाला.

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन मांडीवर ठेवून ती सासऱ्यांकडे पाठ करून बसली, आणि दोघंही ओसरीच्या भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडं बघत राहिली.