मंजूर झालेली बोली

जमना उंबरा ओलांडून आत आली तेव्हा चांदीबाई दाराकडेच बघत पडली होती. लेक पुढ्यात येऊन बसली, तरी म्हातारीची नजर दारावरून हलली नाही.

"आई, मी आलेय."

चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. उशाशी बसलेल्या केसरकाकीने ओल्या फडक्याने म्हातारीचे ओठ टिपले.

"कालपासून मराठी सोडली बघ तिनं," काकी म्हणाली. "समदं आपल्या गोरमाटीतच चाललंय. सारखं तुझंच नाव. तुझ्यासाठीच जीव अडकलाय तिचा. आपल्या बोलीत हाक मार."

तांड्यात ती बोली बोलायला आता म्हाताऱ्यांखेरीज होतंच कोण? पावसाने दोन वर्षं तोंड फिरवलेलं, टँकर आला तर आला. हातपाय धड असलेले सगळे बंजारे कोयते घेऊन ऊस तोडायला गेले होते. धारूरच्या घाटाखाली उरले होते म्हातारे आणि शेरडं.

जमना आली होती ती थेट गोरमाटी बोलीच्या संमेलनातून. सहकारी साखर कारखान्याच्या मैदानात मोठा मांडव घातला होता. गोरमाटीला घटनेतल्या भाषांच्या यादीत जागा मिळालीच पाहिजे, असं चेअरमनसाहेबांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. ती बोली बोलणारी माणसं त्या वेळी त्यांच्याच उसाच्या फडात वाकलेली होती, पण त्यांना काही सुट्टी नव्हती. बोलीचं प्रमाण रूप ठरवणाऱ्या समितीत जमना होती. विदर्भातल्या तांड्यांचा शब्द घ्यायचा की तेलंगणातल्या, मराठवाड्यातला ठेवायचा की गाळायचा, यावर त्यांनी चार वर्षं डोकेफोड केली होती. काम चांगलं झालं होतं. जमनाला त्याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

तिने आईचा हात हातात घेतला आणि गोरमाटीत बोलली. याडी, मी तुझी जमना, तुला भेटायला आले आहे. वाक्य स्वच्छ होतं, कुठे अडखळणं नाही. मांडवात कुणी असं बोललं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

चांदीबाईने हात काढून घेतला. पदर ओढला आणि तोंड झाकून घेतलं.

"काय झालं, काकी?"

"तू सायबावाणी बोललीस," काकी हळूच म्हणाली. "रेडिओत बोलत्यात तसं. घरातलं बोल की, पोरी. ल्हानपणी बोलायचीस तसं."

जमनाने डोळे मिटले. चुलीपुढचं, भांडणातलं, झोपताना आईच्या कुशीत शिरून बोललेलं काहीतरी तळाशी असणारच. तिने खूप ढवळून पाहिलं. वर येत होते ते समितीने मंजूर केलेले शब्द, नीटनेटके, एकामागून एक. तिला भीती वाटली. आई मरेल ही भीती तर वाटेतच वाटून झाली होती. ही वेगळी होती. आई आपल्याला न ओळखताच जाईल, आणि त्यात दोष तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांचा नसेल.

तिने पुन्हा एकदा बोलून पाहिलं. तेच शब्द, जरा हळू, जरा रडवेले.

पदराआडून आवाज आला. मराठीत. कचेरीच्या पायरीवर उभं राहून बोलायची ती दबलेली, अदबीची मराठी.

"तुमी आश्रमशाळेच्या बाई का?"

काकी मध्ये बोलायला गेली. जमनाने तिला हाताने थांबवलं.

"आमची जमनी हाय तुमच्याकडं. सा वर्सांची." म्हातारीला धाप लागली. पदराखालून तिचे दोन्ही हात बाहेर आले आणि छातीवर जोडले गेले. "तिला मारू नका, बाई. जरा दम धरा. इसरंल ती आमची बोली."