पक्की रेघ

इंजिनीअर बाईने किनाऱ्याच्या नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती: समुद्र चढतोय, म्हणून रेघेपुढची घरं हलवायची, ती जागा पाण्याला सोडायची. सुनावणी आटोपली की रेघ शाईने पक्की होणार. सुनावणीत शेजारी बसलेल्या तिच्या वरिष्ठ साहेबांनी हळूच खोडरबर सरकवलं. “रेघ जरा पुढे घ्या, बाई. किनाऱ्यावरचं हॉटेल वाचेल आणि तुमच्या आईचं घरही.” माइक चालूच होता. सगळ्या सभेने ते ऐकलं. आपलं घरही रेघेपुढे जातंय, हे बाईने आईला अजून सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेतून आई उठली, कंबर धरत टेबलापाशी आली. तिने नकाशावर आपलं घर शोधलं, बोटाने चाचपलं, मग खोडरबर उचलून खिडकीबाहेर भिरकावलं. “साहेब, भरतीचं पाणी माझ्या पलंगाखाली येऊन बसतं. आधी ते खोडून दाखवा!” वळून लेकीवर खेकसली, “आणि तू गं, पेन्सिल काय कुरवाळत बसलीस? शाई काढ!”