कबूल केलेला कोंबडा

रविवारची दुपार तेवढी घरच्यांची, असा तरुण डॉक्टरचा नेम होता. आरमोरीपलीकडच्या जंगलातल्या दवाखान्यामागे, एकखणी घरात, बायकोने ताटे वाढली, चिमुकली रिंकू मांडीवर बसली आणि दारात घनश्याम उभा राहिला, बगलेत पाय बांधलेला कोंबडा घेऊन. “पोरगं बरं झालं तं तुमाले देईन म्हनलो होतो, डॉक्टरभाऊ.” डॉक्टर चाचरला. “पण घनश्यामभाऊ, तुमचा मुलगा तर शुक्रवारी माझ्या हातांतच गेला.” “गेला जी. पन तुमी तीन दिवस त्याच्यापासून हटले नाई. घ्या. त्यानंच पोसला हा. घरी त्याची माय याले पाहून रडत राह्यते.” रिंकूने टाळ्या पिटल्या. “बाबा, हा आपला झाला?” “तुयाच हाय, बाई,” घनश्याम हसला. डॉक्टरने कोंबडा घेतला. पिसांखालची भराभर धडधड बोटांना जाणवत होती. शुक्रवारी याच बोटांखाली एक इवले काळीज थांबले होते.